गळाचं नेढं

घड्याळं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली. मग सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि घड्याळकाकांनी माश्या बांधायला घेतल्या. खऱ्या नव्हेत. बारीक गळावर पिसं, लोकर आणि रेशमाचा दोरा गुंडाळून केलेल्या, पाण्यावर तरंगल्या की माशाने फसून तोंड मारावं अशा. चिमटे, भिंग, टेबलावरचा दिवा, सगळं जुनंच सामान कामी आलं. वीस वर्षांत त्यांच्या माश्यांचं एवढं नाव झालं, की मासेमारीच्या सामानाच्या दुकानात लोक डबी उघडूनही न बघता घेऊन जात.

त्या दुकानात काका दर शनिवारी जात आणि कुणी न विचारता सल्ले देत. नव्या गिऱ्हाइकाने सगळ्यात जाड, ताठ काठी उचलली की विचारत, "ओढ्यातले मासे धरायचेत की जहाज बांधून ठेवायचंय?" हलकी काठी, तिला पेलेल असाच दोर आणि टोकाला केसाएवढा तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, हे त्यांचं ठरलेलं. माशी कोणती घ्यायची तर आधी पाण्यातला दगड उलटून बघा, खाली कुठले किडे आहेत, मग डबी उघडा. दोर फेकायला शिकवताना घड्याळजी जागा होई. "शेजारी मोठं घड्याळ टांगलंय समजा. काठी मागे एकवर थांबवा, दोर सरळ होऊ द्या, मग पुढे दहावर थांबा. सगळी कला थांबण्यात आहे."

नवशिक्यांची एक चूक मात्र त्यांना अजिबात खपत नसे. गळाच्या टोकाला सुईला असतं तसं नेढं असतं, तंगूस त्यातून ओवायचा. माशी बांधताना नेढ्यामागे तिळाएवढी जागा मोकळी सोडायची. हावरेपणाने दोरा पुढपर्यंत गुंडाळला, की शेवटी लावलेलं वॉर्निश नेढ्यात उतरतं आणि भोक बुजतं. असं कुणी केलं की काका चारचौघांत त्याची फिरकी घेत.

त्या शनिवारी एक वकीलसाहेब डबी आपटत दुकानात आले. "चाळीस मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो! चहूकडे मासे वर येतायत आणि मी आपला ओवतोय. बारातल्या नऊ माश्या बुजलेल्या!"

"चष्म्याचा नंबर तपासून घ्या," काका म्हणाले.

दुकानाच्या मालकीणबाईंनी एक माशी उचलली, तंगूस घेतला, ओवून पाहिला; जाईना. मग दुसरी. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या शनिवारचा माल बघते. तोही असाच निघाला, तर मला दुसरं कुणी शोधावं लागेल."

काका तणतणत घरी आले. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं, हात प्लास्टरमध्ये होता.

"वीस वर्षांत कुणाची बोट दाखवायची हिंमत झाली नव्हती!"

"माझा हात बरा झाला की होईल सगळं नीट," काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"तुझ्या हाताचा काय संबंध?"

संबंध काकूंच्या शिवणाच्या डब्यात होता. त्यांनी तो उघडून पुढे केला. बुचात खोचलेली एक सुई, टोकावर वाळलेल्या वॉर्निशचा काळा थर. माश्या डब्यांत भरायचं काम काकूंकडे असे. भरण्याआधी त्या एकेक नेढं टोचून मोकळं करत.

"कधीपासून?"

"झाली असतील चार वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत जायचात दुकानात. म्हटलं, राहू दे."

काकांना आधी राग आला. मग ज्यांची त्यांनी फिरकी घेतली होती ते सगळे चेहरे एकेक करून आठवले आणि लाज वाटली, चांगलीच वाटली. त्यांनी दिवा लावला, भिंग डोळ्याला लावलं, सुई उचलली. तीनदा नेम धरला, तिन्ही वेळा सुई पिसांत घुसली. सवयीने त्यांनी दिव्याकडे रागाने पाहिलं. त्याचा बल्ब याच महिन्यात दोनदा बदलून झाला होता.

"मला दिसत नाही गं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढेच उच्चारलं नव्हतं.

काकूंनी एका हाताने खुर्ची ओढत टेबलाशी आणली. "मला दिसतंय. बांधा तुम्ही. थांबा म्हटलं की थांबायचं."

काकांनी नवा गळ चिमट्यात कसला. पीस बसवलं, दोरा फिरवायला लागले. बोटांना सगळं पाठ होतं.

"थांबा."

काकांनी आणखी एक वेढा घेतलाच.

"थांबा म्हटलं ना!"

काकांनी तो वेढा उलटा सोडवला आणि थांबले.