मोज्यातली गोचीड

मी आज जो काही आहे तो आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांमुळे, आणि सरांइतका गोचिडीला मान देणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसेल. कुणाच्या घरी गेले की लोक मुलाबाळांची चौकशी करतात; सर आधी कुत्र्याचे कान तपासत. त्यांच्या टेबलामागे किनाऱ्यावरच्या बेटांचा नकाशा होता. रानातल्या प्राण्यापाखरांवर जिथे कुणाला गोचीड सापडली, तिथे लाल ठिपका. पहिल्याच दिवशी मी हुशारी केली, "सर, या कोऱ्या बेटांवर गोचिडी नाहीत."

"नाहीत, की कुणी बघितल्या नाहीत?" सर चष्म्यावरून म्हणाले. "अरे, जिथे धक्का आहे आणि चहा मिळतो, तिथेच ठिपके आहेत. हा नकाशा गोचिडींचा नव्हे, प्राध्यापकांचा!" घरी मीठ संपलं तरी ते हेच विचारत, "नाही, की कुणी बघितलं नाही?" "बघून झालंय. आता दुकानात बघा," म्हणत काकू पिशवी हातात देत.

माझ्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. संशोधनाला प्रवेश हवा तर प्रकल्पात काहीतरी नवं हवं होतं. म्हणून बुरोंडीहून होडी करून आम्ही एका कोऱ्या बेटावर गेलो. दिवसभर पाखरांची घरटी धुंडाळली आणि शेवटी सरांच्याच पायाशी, खडकावर, एक गोचीड सापडली. सर असे नाचले की होडी चालवणारा तांडेल ओरडला, "ओ सर, हळू! पडलात तर काकूंना काय सांगू मी?"

परतताना सरांनी बूट काढला. मोज्यात तसल्याच आणखी दोन! सकाळी होडीची वाट बघताना ते बकऱ्यांच्या गोठ्यात कान तपासत बसले होते. माझा चेहरा उतरला.

"त्यात काय, लिवा की! बेटावरच मिळाली ना?" तांडेल म्हणाला.

"मिळाली बेटावर, पण राहायला बुरोंडीला," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आता हेच लिही. एका माणसाच्या मोज्यातून बेटावर खोटा ठिपका कसा उमटतो ते."

"सर, हसतील हो सगळे."

"हसू देत. मोजा माझा आहे."

मुलाखतीत सगळे खरंच हसले. मग प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि मला प्रवेश दिला.

सर आता देवरूखला असतात. गुडघ्यांनी होडी बंद केली, कानांनी फोन. म्हणून परवा पत्र लिहिलं:

"ती. सरांना सा. न.

पुन्हा त्याच बेटावर जाऊन आलो. होडीतच मोजे उलटे करून झटकले. तांडेल हसून म्हणाला, 'सरांचाच चेला!' या वेळी पिल्लाच्या मानेला चिकटलेली गोचीड मिळाली. बकरीची नव्हे, पाखराचीच. तुम्हाला दाखवायला वळलो, तर शेजारचा खडक मोकळा. नकाशा तुमच्या भिंतीवर आहे. रविवारी लाल पेन घेऊन येतो. ठिपका तुमच्याच हातचा हवा."