थंडी धसईला गेली

लाइट गेली की विशे सर भट्टीची माफी मागायचे. दारावर हात ठेवून म्हणायचे, "चुकलं बाय, लाइट माझ्या हातात नाय." मुरबाडच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, गेले सर कामातून!

सरांना पेढ्याएवढी एक काळी गोळी करायची होती, यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनची. तापलेल्या गोळीत अणूंची मांडणी चौकोनी असते. ऑक्सिजन देत ती हळूहळू निवली, तर चौकोनाची एक बाजू किंचित लांबते. मग द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते आणि वर ठेवलेलं चुंबक चक्क अधांतरी तरंगतं. "तोच माल, पण निवताना घाय झाली का आतली घडी बसत नाय," सर म्हणत. लाइटच्या कृपेने चार गोळ्यांचे नुसते दगड झाले. पाचवी साधली. तिला ऑक्सिजन वेल्डिंगवाल्याचा आणि नायट्रोजन धसईच्या गुरांच्या डॉक्टरांचा. त्यांच्याकडे वळूंच्या रेतमात्रा त्यातच गोठवलेल्या असतात.

मग तपासणी समिती यायची ठरली. प्राचार्यांनी बजावलं, "चुंबक तरंगलं तर प्रयोगशाळा राहील, नाहीतर कुलूप." आणि स्वतः कुंड्या भाड्याने आणायला गेले.

त्या दिवशी सरांनी धसईहून छोटा कॅन भरून आणला होता. समिती यायला अर्धा तास असताना डॉक्टर मोटारसायकलवरून धापा टाकत हजर. "सर, नायट्रोजनची गाडी आलीच नाय. माझा कॅन तळाला लागलाय. तासभर पण निघणार नाय, सगळ्या मात्रा मरतील."

"आणि आमची प्रयोगशाळा?" मी कडाडले.

सरांनी मला गप्प केलं आणि भरलेला कॅन डॉक्टरांच्या हाती दिला. "न्या. लोकांच्या गायी भाकड बसतील. गोळी काय, वाट बघते."

समितीने गोळी पाहिली, तिच्यावर निवांत पडलेलं चुंबक पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं, "तरंगतंय कुठे?"

"थंडी धसईला गेली, साहेब," सर म्हणाले.

शेरा पडला, प्रयोग निष्फळ. कुंड्यांचं मात्र भरभरून कौतुक झालं. महिन्याभरात प्रयोगशाळेत सोफे आले, स्वागतकक्ष झाला. तिथे मी पाहुण्यांना पाणी देते. गोळी सरांनी घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून माझ्याकडे सोपवली.

सर गेल्या श्रावणात गेले. शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "प्रयोग फसला, पण माणूस चांगला." माझं डोकंच फिरलं. बाटली पर्समध्ये घातली आणि तडक धसईची एसटी पकडली.

डॉक्टरांनी थर्माकोलच्या वाटीत गोळी ठेवून नायट्रोजन ओतला. उकळी शांत झाल्यावर मी चिमट्याने चुंबक वर सोडलं. तरंगलं! तांदळाच्या दाण्याएवढंच वर, पण तरंगलं. मला रडू आवरेना. कुणाला दाखवू आता?

वाटीतला नायट्रोजन उडून चालला होता. डॉक्टरांनी पुन्हा ओतायला कॅन उचलला, तेवढ्यात दारातून एका बाईची हाक आली, "डॉक्टर, गाय आणलीय. माजावर हाय, आटपा ना!"

चुंबक हळूहळू खाली यायला लागलं होतं. मी पदराने डोळे पुसले.

"राहू द्या डॉक्टर," मी म्हटलं. "आधी गाय बघा."