मामांच्या समुद्रातला अडीच वाजताचा खड्डा

डोळ्यांवर कमी आणि मीटरवर जास्त विश्वास ठेवणारा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या दोन्ही जिल्ह्यांत शोधायला निघालात, तर माझ्या मामांच्या दारात तुमची पायपीट संपेल. तीस वर्षं त्यांनी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये मीटरसमोर बसून काढली. ते निवृत्त झाले, मीटर काही निवृत्त झाले नाहीत. "चहा निवून राह्यला," असं मामी म्हणाल्या की हे कपात थर्मामीटर बुडवून "अजून बावन्न आहे" असं जाहीर करतात, आणि तेवढ्यात तो खरोखर निवतो. एकदा मला ताप आला तर भेटायला येताना तीन थर्मामीटर घेऊन आले. एक मीटर खोटं बोलू शकतं, दोन आपसात भांडू शकतात, पण तिघं एकच सांगू लागले की मुकाट्यानं मानायचं, हा त्यांचा कंट्रोल रूममधला नियम. त्या तिघांचं एकमत होईपर्यंत माझा ताप उतरला होता.

अशा माणसाला चार वर्षांपूर्वी समुद्राचं वेड लागलं. नागपुरात एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि परतीच्या गाडीतूनच मला फोन केला, "बाबू, आपल्या घरी समुद्र आणून राह्यलो." आणलाच की हो! बैठकीतला सोफा अंगणात गेला आणि त्या जागी चार फुटी काचेची टाकी आली. त्यात मीठ घालून बनवलेलं पाणी, जिवंत प्रवाळ, भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. खाली कपाटात आणखी एक छोटी टाकी, जिथून पाणी गाळून वर जातं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, नाजूक जीव. पाणी सव्वीस अंशांच्या आसपास राहिलं तर खुलतात, दोन-तीन अंश चढलं की मान टाकतात. आणि गाव कोणतं निवडलं, तर जिथे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं ते आमचं चंद्रपूर.

मामांनी रजिस्टर सुरू केलं. सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ, अशी रोज चार वेळा तापमानाची नोंद, खाली सही. पाणी थंड करायला चिलर होता, पण तो घरघरायचा, म्हणून एक ते चार या झोपेच्या वेळात मामा तो बंद ठेवत. बाराचा आकडा चांगला, चारचाही चांगला, मग मधल्या वेळात काय बिघडणार आहे? ही सगळी आपल्या दोन पंख्यांची आणि खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीची करामत, असा त्यांचा सिद्धांत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो टाकीसमोर उभं करून समजावत, आणि पाहुण्याला बसायला सोफा नसल्यामुळे तो बिचारा सगळा ऐकून घेत असे.

मामी तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याच्या. पूर्वी दर उन्हाळ्यात महिनाभर माहेरी राहायच्या. टाकी आली आणि तीन उन्हाळे त्या गेल्याच नाहीत. दिवाळीत दोन दिवस जाऊन यायच्या, तेवढंच. ऐंशी ओलांडलेली त्यांची आई फोनवर तेलुगूत विचारायची, "एप्पुडु वस्तावु?" कधी येशील? मामी म्हणायच्या, पुढच्या वर्षी. यंदा आईला दिसेनासं झालं. मार्चच्या शेवटी मामी मामांना म्हणाल्या, "टाकीले ते आपोआपवालं मशीन लावा. ते लागलं की मी आईकडे जाईन." मामींचं माहेर आणि मशीन यांचा काय संबंध, हे मामांना कळलं नाही आणि मलाही नाही. मामा म्हणाले, "तू जा ना आज, मी आहो ना इथी." मामी म्हणाल्या, "मशीन लावा."

झालं! मामांच्या अंगात वारं भरलं. हे मशीन म्हणजे कंट्रोलर, हाताएवढा डबा. एक सेन्सर पाण्यात, दुसरीकडे चिलर, पंप, दिवे जोडायचे बोर्ड, आणि मोबाइलवर मिनिटामिनिटाचा आलेख. पाणी तापलं की तो स्वतःच चिलर सुरू करतो. पण तो निवडायचा कसा? मामा सकाळी सातला माझ्या दारात, हातात फूटपट्टीनं आखलेला तक्ता, डोळ्यांत नवरदेवाची चमक. एका विक्रेत्यानं फोनवर सांगितलं, "खोलीचं तापमान चाळीसच्या आत ठेवा." मामांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "चाळीस त आपल्याकडे सुरुवात होय. याले एकदा मे महिन्यात जेवाले बोलावू." तक्त्यातून त्याचं नाव तिथेच कटलं. दुसरा मामांच्या प्रश्नांनी इतका थकला की त्यानं आपण होऊन दुसऱ्या दुकानाचा नंबर दिला.

शेवटी पहिलं मशीन आलं. मामांनी त्याचा सेन्सर खालच्या टाकीत सोडला, पण चिलर जोडू देईनात. वीज केंद्रात नवा ऑपरेटर आला की आठ दिवस फक्त आकडे पाहतो, बटणाला हात लावत नाही. "यानं पहिले पाहाले शिकावं, मंग कराले," मामा म्हणाले. मशीन बिचारं पाहू लागलं. आणि दुसऱ्याच दिवशी आलेखात दुपारी अडीच वाजता एक खड्डा पडला. रेष चढत चढत येते आणि अडीचला धाडकन खाली जाते. चिलर बंद, कोणी हात लावलेला नाही, तरी पाणी थंड! तिसऱ्या दिवशीही तेच. "सेन्सर बोगस आहे," असा निकाल देऊन मामांनी मशीन परत पाठवलं. दुसऱ्या कंपनीचं मागवलं. पुन्हा अडीच, पुन्हा खड्डा. "दोन्ही कंपन्या एकाच चोराकडून सेन्सर घेऊन राह्यल्या," म्हणत तेही परत. सिरोंच्याहून फोन येत होते, मामींची बॅग कोपऱ्यात भरून ठेवलेली होती, आणि एप्रिल सरत आला होता.

तिसरं मशीन लागलं, तिथेही अडीचला खड्डा. मी म्हटलं, आता हेही जाणार. पण मामा खुर्चीत बसून राहिले. तीन बोटं मोजून म्हणाले, "तीन मीटर एकच सांगून राह्यले, बाबू. मीटर बरोबर आहे. प्लांटमधीच काहीतरी होऊन राह्यलं."

दुसऱ्या दिवशी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मामा दुपारी झोपले नाहीत. आम्ही दोघं पडद्यामागच्या खोलीत श्वास रोखून बसलो. वाघाची वाट पाहतानाही मी इतका उत्सुक नव्हतो. अडीच वाजले. स्वयंपाकघरातून मामी आल्या. हातात फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. कपाट उघडलं, बाटल्या सेन्सरच्या शेजारी खालच्या टाकीत ठेवल्या, पदराला हात पुसले आणि माशांकडे पाहत उभ्या राहिल्या.

मामा पडद्यातून बाहेर आले. "कधीपासून?"

"पयल्या उन्हाळ्यापासून," मामी म्हणाल्या. "तुमी घोरून राह्यले होते अन् मासे वर येऊन तोंड वासून राह्यले होते. चिलर लावला असता त तुमची झोप मोडली असती, म्हणून टाकली बाटली. मंग रोजच टाकत गेली."

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त रजिस्टरमधी सही कराले लावली असती."

मी हसलो. मामा हसले नाहीत. "म्हणून सिरोंचाले गेली नाई?"

"गेली असती त बाटल्या कोण टाकल्या असत्या? तुमाले त वाटे पंखा थंडा करते. माशांचा काय गुन्हा होता?"

मामांनी त्याच मिनिटाला चिलर मशीनला जोडला. आठ दिवसांचा नियम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं ते स्वतः मामींना सिरोंच्याला पोचवून आले. मशीन उत्तम चाललं. आलेखाची रेष आता सरळ जाते, प्रवाळ फुलून आलेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा सिद्धांत मात्र बंद झाला आहे.

मामी तिथे असतानाच, पाऊस लागायच्या आधी, त्यांची आई गेली. एकवीस दिवस मिळाले मामींना. परवा मी मामांकडे गेलो होतो. टाकीजवळ बसून ते नव्या मशीनचं कौतुक सांगत होते, कसं दर मिनिटाला नोंदवतं, कसं चुकत नाही. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मामी आत भाजी चिरत होत्या, म्हणून आवाज बारीक केला.

"पयल्या मशिनीत आठ दिवस गेले, दुसरीत नऊ. दोन्ही चांगल्या होत्या. तिच्या आईचे सतरा दिवस मी कुरिअरनं वापस पाठवले, बाबू."

हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं. मामींसमोर काढायची त्यांची अजून हिंमत होत नाही. मामींना मोजता येत नाही असं थोडंच आहे.