मनचं वाजवणं

दाजीवर जळायला आमच्याकडं परवानगी न्हाई. बहिणीचा नवरा म्हणजे मानाचा माणूस. "बसा दाजी, चहा घ्या दाजी." तोंडानं हे म्हणून राह्यलो आन् आतून जळून कोळसा झाल्तो.

परतूरला आमची बेंजो पार्टी, लग्नात वाजवणारी. बेंजोवाला पुढं, लोकांच्या नजरेत. कॅसिओवाला गाडीत मागं, जनरेटरच्या धुरात. पुढं मी होतो. दाजीला कॅसिओवर आणलं तेही मीच. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा.

बसवलेलं गाणं कुणीपण वाजवतं हो. खरी परीक्षा परण्याला. लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो. आत किती वेळ लावील त्याचा भरवसा न्हाई, आन् बाहेर वाजवणं थांबवायचं न्हाई. गाणं तर संपून जातं. मंग मनचं वाजवायचं, सुचंल तसं. नवरदेव उंबऱ्यावर दिसला की जिथं असाल तिथून मुखड्यावर यायचं आन् बराबर तोडायचं, म्हंजे संपवायचं. तोडल्याबिगर घोडा हालत न्हाई.

मला मनचं येत नव्हतं. कसंबसं सुरू करायचो आन् कुठंतरी अडकायचो. तेवढ्यात दाजी मागून काहीतरी वाजवायचे, आन् सगळं पब्लिक माना वळवून तिकडं. शिट्ट्या तिकडं. माझी सख्खी बहीण मला म्हणते, "दादा, ह्यांचा हात कसा फिरतो न्हाई?"

म्हटलं, "फिरतो ना. घरी भांड्यांवर फिरव म्हणावं."

पार्टीचे मालक, आमचे मास्तर, त्यांनी एक दिवस सांगूनच टाकलं, "राजूरचं लग्न होऊ दे. पुढं कुणी ऱ्हायचं ते मंग बघू."

झालं, माझी झोप उडाली. दाजीचं वाजवणं गुपचूप मोबाईलमधी भरलं. रोज कापसाच्या रानात एकटा जाऊन बेंजोवर सुरानसूर बसवला. दाजी मधी खोकलल्ते, तेवढी जागासुद्धा मी सोडायचो, इतकं बराबर.

राजूरला नवरदेव देवळात गेला आन् मी सुरू झालो. काय सांगू राव! शिट्ट्या माझ्याकडं, मोबाईल माझ्याकडं. हळूच मागं बघितलं. दाजी मान डोलावून राह्यल्ते, खुशीत. त्याचाच मला जास्त राग आला.

तेवढ्यात नवरदेव बाहेर! आत गेला काय, आला काय. ढोलकीवाल्यानं डोळ्यानं खुणावलं, तोड. पण तोडू कुठून? पाठ केलेलं सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मधून निघायचा रस्ताच मला माहीत न्हाई. नवरदेव घोड्यावर बसला, करवल्या उन्हात तापल्या, मास्तरांनी डोळे वटारले, आन् मी आपला वाजवूनच राह्यलो. मंग दाजीनं मागून माझा सूर धरला, हळूच वळवला आन् मुखड्यावर आणून सोडला. घोडा निघाला. वऱ्हाडात कुणाला पत्ता लागला न्हाई. मास्तरांना मात्र बराबर लागला.

पंगतीत दाजी माझ्या शेजारी. न राहवून विचारलं, "दाजी, खरं सांगा, कुठं शिकले हे?"

"कुठं शिकतो, दादा," दाजी बुंदी घेत म्हणाले. "तुम्ही देवळापाशी अडकायचे. तुम्हाला मुखड्यावर आणायचं म्हणून मी कायबी वाजवायचो. तुम्ही दर लग्नात निराळ्याच जागी अडकणार, मला दर वेळी नवा रस्ता काढावा लागायचा. त्यातच हात बसला. तुमचेच उपकार."

टोमणा असता तर भांडलो असतो. पण तो माणूस खरंच उपकार मानत होता.

आता कॅसिओ पुढं आन् बेंजो मागं, धुरात. मास्तर म्हणतात, "नाराज होऊ नको. दाजी जसे शिकले तसाच तूपण मागं राहून शिकशील." दर परण्याला मी कान टवकारून उभा राहतो, दाजी आता अडकतील, मंग अडकतील. हा माणूस अडकतच न्हाई. मंग मी शिकू कसा?