गालावरची तीट

चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, पुलाखाली आमची बालवाडी आहे. मी तिथं आंघोळ खात्यात. गाणी शिकवणाऱ्या ताई मागाहून येतात. त्याआधी सिग्नलवर फुगे विकणाऱ्यांची, कडेला पालं ठोकून राहणाऱ्यांची पोरं धुवायची, विंचरायची, खाऊ घालायची, हे मी आणि लातूरकडची एक बाई करतो. पोरं तिला मावशी म्हणतात, मला आजी. आंघोळ झाली की मी गालावर काजळाची तीट लावते. तीट दिसली म्हणजे पोर धुतलेलं. दुसऱ्यांदा ओढायचं नाही.

पाणी एका कंपनीच्या टँकरचं. टँकर नाही आला, तर खरूज खाजवत अ आ इ ई.

त्या दिवशी कंपनीचे साहेब फोटोसाठी आले, सोबत मोबाइल धरलेली एक मुलगी. नेमक्या त्याच सकाळी मावशीनं एका चिमुरडीच्या जटा पहिल्यांदा सुटवून लाल रिबिनीच्या दोन वेण्या घातल्या होत्या. पोरगी प्रत्येकासमोर मान हलवून वेण्या उडवून दाखवत होती.

साहेब म्हणाले, "मावशी, ही मुलं रस्त्यावरची वाटतच नाहीत."

मावशी लाजून हसली. तिला वाटलं, कौतुक चाललंय.

"अहो, तसं नाही. फोटोत गरज दिसायला हवी. जरा मळकी करा. हिचे केस सोडा."

गरज दिसायला हवी! उवा मारताना आमची नखं काळी झाली, त्यात नाही दिसली याला. मावशीचा हात रिबिनीकडे गेला, कारण टँकर साहेबांच्या हातात. पोरीनं दोन्ही वेण्या मुठीत घट्ट धरल्या. रडली नाही. नुसती मावशीकडे बघत राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चिखलीत सून म्हणून आले तेव्हा मी काय गुणाची होते! पॅन्टवाला माणूस अंगणात आला की पदराचा बोळा तोंडात आणि बाईसाहेब दारामागे. एकदा तर सासऱ्यांचा धाकटा भाऊच पॅन्ट घालून आला. मी त्यालाही घरात घेतलं नाही. तेव्हाची ती बावळट सून आज इथं असती, तर तिनं रिबीन सोडून वर चहा ठेवला असता.

मी डबी उघडली. "साहेब, मळ पाहिजे ना? तयार हाय." आणि अंगठाभर काजळ त्यांच्या गोऱ्या गालावर फासलं. "लई पुण्याचं काम करताय. दृष्ट लागंल कुणाची."

पोरं ओरडली, "साहेबांची आंघोळ झालीऽ!"

साहेबांनी रुमालानं पुसलं, तसं ते हनुवटीपर्यंत पसरलं. फोटो न काढताच गाडी वळली.

पुढच्या खेपेला टँकर आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"काय केलाव ओ आजी!" मावशी रिकामी पिंपं आपटत म्हणाली. "तुमची झाली गंमत. आता पाणी काय काजळाच्या डबीतून काढू?"

खरं होतं तिचं. पण म्हणून माझा राग कमी झाला नाही. वेण्या सोडल्या तर पाणी, नाही तर नाही. हा कुठला न्याय?

आता आम्ही पोरांना पलीकडच्या ट्रक धुवायच्या सेंटरवर नेतो. मालक भला आहे, पाइप बारीक सोडून देतो. पण आधी गिऱ्हाईक, मग पोरं. कंटेनरची चाकं फेसानं घासून निघतात, आणि आमची पोरं उघडी, रांगेत कुडकुडत बघतात.

काल आमच्या पुढं त्याच कंपनीचा ट्रक होता. नखशिखांत धुतला, टायरसुद्धा. मावशी इतके दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. वेण्यांवर पाणी पडू नये म्हणून त्या पोरीच्या डोक्याला फडकं गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली,

"आजी, डबी आणलीय का?"

"हाय की."

"मग त्याला लावा. झाली ना त्याची आंघोळ."

लावली. दारावर कंपनीचं नाव आहे ना, बरोबर त्याच्यावर.