नाशपातीच्या बागेची चतुःसीमा

अर्जदार: सातवी पास, तालुका कचेरीसमोर तेवीस वर्षे अर्ज लिहिलेला, त्या वर्षी जपानातल्या इचिकावात लेकीकडे मुक्कामी असलेला इसम. दिनांक: नाशपाती फुलली तो रविवार. साक्षीदार: अर्जदाराची लेक, संगणकाच्या नोकरीत, दुभाष्याचे काम तिनेच केले. सामनेवाला: पुढे नमूद.

कारणे लिहितो की, आमच्या इमारतीमागे नाशपातीची बाग होती. तिथे झाडे उंच वाढू देत नाहीत; डोक्यावर तारांची जाळी ताणून फांद्या आडव्या बांधतात. बहरात त्या पांढऱ्या छताखाली उभे राहिले की आपण जागे आहोत की नाही, याची खात्री उरत नसे. मालक ऐंशीच्या घरातले. काठीच्या टोकाच्या पिसांनी ते फुलाफुलाला पराग लावत आणि मी पाहत राही. एकमेकांची भाषा येत नव्हती. ती उणीव आम्ही दखलपात्र मानली नाही.

गावची सारी जमीन पूर्वी एका जमीनदाराची, युद्धानंतर ती कसणाऱ्यांना मिळाली, असे लेकीने त्यांच्याकडून ऐकून सांगितले. हा आमचा कूळकायदाच, हे मी तत्काळ ताडले. त्यांच्या वडिलांनी रताळी काढून नाशपाती लावली. मग स्टेशनकडून घरे सरकत आली. आता पुण्यामुंबईचे संगणकवाले उतरत होते, त्यांच्यासाठी इमारती.

त्या रविवारी बागेत मोजणीच्या खुंट्या दिसल्या. बांधकामवाल्यांनी वृद्धाची जमीन बळकावली, असा अर्ज मी लिहायला घेतला. जमिनीच्या अर्जाला चतुःसीमा लागते. पूर्वेस गाड्यांचा तळ, पूर्वी बाग. दक्षिणेस दुकान, पूर्वी बाग. पश्चिमेस रस्ता, पूर्वी बाग. उत्तरेस आमचीच इमारत. जिच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी हे लिहीत होतो. तिथेही 'पूर्वी बाग' असेच लिहावे लागले.

तरीही मालकांच्या अंगठ्यासाठी शाईचा पॅड घेऊन लेकीसह बागेत गेलो.

"बाबा, कुणी बळकावलेली नाही," लेक त्यांच्याशी बोलून म्हणाली. "त्यांनी स्वतः सहीचा शिक्का मारून विकलीय."

"दबावाखाली?"

तिने विचारले. म्हातारे हसून खांदा चोळू लागले.

"हात वर करून फांद्या बांधवत नाहीत म्हणे. मुलगा योकोहामात, त्याला हे नको. आणि विचारतायत, एवढा मोठा अर्ज नक्की कुणाविरुद्ध?"

मी पॅड मिटला. कागदावर दोन पाकळ्या पडल्या होत्या; त्या तशाच राहू दिल्या. तिथेच, झाडाखाली, अर्ज नव्याने लिहिला आणि लेकीने तो जपानीत उतरवला. त्याची अखेर अशी:

सबब, सामनेवाले आपणच, म्हणजे बागेचे मालक. ताबा या हंगामाची फळे उतरल्यावर द्यायचा आहे. तोवर अर्जदाराचे खांदे वापरावेत व फांदी बांधण्याची रीत त्यास शिकवावी. उत्तरेच्या कुंपणालगतचे एक झाड राखण्याची अट खरेदीदारास घालावी. त्या झाडाची निगा, ज्याच्या घराखाली आपली बाग गेली, तो अर्जदार करील. याबाबत आपले उत्तर फुले गळण्यापूर्वी मिळावे, ही विनंती.