शिरीषचा खर्ज

सिडनीत वेस्टमीडला हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये मी जागा शोधत फिरत होतो आणि फोन वाजला. शिरीषची बायको, नीलिमा. "प्रमोद, शिरीष गेला रे... आत्ताच." मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मी त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. शिरीषची माफी मागायला निघालो होतो मी. सकाळीच निघायला हवं होतं, पण काय बोलायचं याची मनातल्या मनात तालीम करत अकरा वाजवले. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

पेंडल हिलला माझ्या गॅरेजमध्ये आम्ही चार मराठी माणसं दर गुरुवारी गायचो. भावगीतं नाहीत, नाट्यपदं नाहीत. साठ-सत्तरच्या दशकातली कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांची सोल गाणी, चार आवाजांतली, प्रत्येकाचा सूर वेगळा. हे खूळ शिरीषचं. पुण्यात कॉलेजात असताना इंग्रजी सिनेमांत त्याने ही गाणी ऐकली आणि टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून कॅसेटी भरल्या. चौघांत खर्ज त्याचा. आमची पंचाईत अशी, की जन्मभर आरत्या म्हटलेले आम्ही. एकाने चाल धरली की बाकीचे धावत त्याच सुरात जाऊन बसायचे. मी तर हमखास. मग शिरीष माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणायचा, "प्रम्या, तिकडे नको, तिथे माणूस बसलाय."

आणि गंमत म्हणजे ही गाणी आम्ही सिनेमात होती तेवढीच गात होतो. एकदा ज्येष्ठांच्या कार्यक्रमात गाऊन झाल्यावर एक म्हातारे ऑस्ट्रेलियन गृहस्थ जवळ आले. "लव्हली, मेट," म्हणाले, "पण शेवटचं कडवं का गाळलंत?" आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय! नऊ वर्षं गातोय आणि आणखी एक कडवं आहे हेच कुणाला माहीत नाही. शिरीष शांतपणे म्हणाला, "कॅसेटवर तिथे हिरो गाडीत बसून निघून जातो ना." हसून हसून पुरेवाट झाली.

मी मात्र ते मनाला लावून घेतलं. पुढच्या कार्यक्रमात पूर्ण गाणं गायचंच. त्या कडव्यात शेवटी खर्ज एकटा उरतो आणि सूर लांबवत नेतो. शिरीषचा श्वास पुरेना. एकदा, दोनदा, पाचदा... मधेच खोकला. कार्यक्रम दहा दिवसांवर आलेला. बाकीचे दोघे खाली बघत उभे. "थोडं पाणी पिऊ दे," तो म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. "पाण्याने काय होणार? आवाज गेलाय तुझा, शिऱ्या. झेपत नसेल तर घरी बस ना! सगळ्यांचा वेळ कशाला खातोस?" त्याने गाण्याच्या कागदाची नीट घडी केली, खिशात घातली, "बरं" म्हणाला आणि गेला.

फुफ्फुसात काय निघालंय ते त्याला त्याच आठवड्यात, सोमवारी कळलं होतं. सांगितलं कुणालाच नव्हतं.

मी रागाने कार्यक्रम रद्द केला, प्रॅक्टिस बंद केली. फोन त्याने करावा, मी का म्हणून? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात... खोड माझी, आणि मेला तो. चार आठवड्यांनी बाकीच्या दोघांपैकी एकाने कळवलं, की शिरीषला ॲडमिट केलंय. दुसऱ्या दिवशी मी त्या कार पार्कमध्ये होतो.

मागच्या रविवारी नीलिमाकडे गेलो. चहा संपला तरी उठवेना. शेवटी विचारलंच, "माझ्या त्या बोलण्याबद्दल काही म्हणाला का गं?" मला हवं होतं, की तिने म्हणावं, छे रे, तो तेव्हाच विसरला. पण नीलिमाला खोटं बोलता येत नाही.

"लागलं होतं त्याला. खूप," ती म्हणाली. "पण गुरुवार आला की पाच वाजता दाढी करायचा. शर्ट बदलून तिथे खिडकीपाशी बसायचा. 'प्रम्या बोलवेल आज,' म्हणायचा. आठ वाजले की मी तो शर्ट परत हँगरला लावायची."

चार गुरुवार तो असा तयार होऊन बसला होता. आणि मी इथे, चालत सहा मिनिटांवर, त्याच्या फोनची वाट बघत होतो.